हळद पिवळीच राहिली

लोणारला गेलेल्या माणसाने हळदीचा खेळ पाहिलेला असतोच. तळ्याकाठी नेणारा एखादा पोरगा खिशातून हळदीची पुडी काढतो, चिमूटभर कागदावर चोळतो, त्यावर तळ्याचं पाणी शिंपडतो आणि बघता बघता हळदीचं कुंकू होतं. मी मेहकरची. शाळेच्या सहलीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो कमळजादेवीचा प्रताप वाटला होता. देवीचं देऊळ तिथेच, पाण्याच्या कडेला आहे. पुढे रसायनशास्त्र शिकले, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि त्या पोराच्या पुडीत सामू तपासायची एक साधी, चोख रीत आहे हे कळलं. क्षाराच्या पाण्यात हळद लाल होते. आम्लात तिला काहीच होत नाही. हा दुसरा भाग मी फक्त पुस्तकात वाचला होता, कारण माझ्या कामात आम्लाचं तळं कधी आलंच नव्हतं.

लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, भोवतीने उंच कडे. पाणी आत यायला झरे आहेत, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी घेऊन जातं, खार मागे ठेवतं. माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसं या तळ्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणायची, आणि ती काही वेडी नव्हती. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञांचंही तेच म्हणणं होतं. आजूबाजूचा सगळा दगडच लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वाहिलेल्या लाव्ह्याचा, मग त्यातला खड्डा दुसऱ्या कशाचा असणार? १९७०च्या दशकात इथल्या दगडांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काचेसारखी खनिजं सापडली आणि हे काम आकाशातून आलेल्या पाषाणाचं आहे हे पक्कं झालं.

म्हणजे माझं सगळं आयुष्य ज्वालामुखीच्या दगडावर गेलं, पण तो दगड केव्हाच निवालेला. विहिरी त्यात, घरांच्या भिंती त्याच्या, पाटा-वरवंटाही त्याचाच. त्याला कधी काळी वास होता, आवाज होता, हे माहीत असूनही मनात उतरलेलं नव्हतं.

योग आला २०१७च्या ऑगस्टमध्ये. लोणारच्या पाण्याचे नमुने मी वर्षानुवर्षं घेत आले, त्यामुळे एका विद्यापीठातल्या संशोधक बाईंची ओळख झाली होती. टोकाच्या पाण्यांची तुलना हा त्यांचा विषय. एका बाजूला लोणार, दुसऱ्या बाजूला पूर्व जावातलं कावाह इजेन, ज्वालामुखीच्या विवरातलं आम्लाचं तळं. त्यांना तिथे आठ दिवस हाताखाली कोणीतरी हवं होतं: बाटल्या भरणारं, चिठ्ठ्या लावणारं, रात्री बसून अनुमापन करणारं आणि फ्लुओराइडच्या कामात हात बसलेलं. त्या कामात माझा हात बसलेला होता. नोकरीची पहिली काही वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांची पाणी तपासण्यात गेली होती.

निघण्याआधी पेटी भरताना पहिल्यांदा अंगावर काटा आला. सामू मोजायचं यंत्र आधी ओळखीच्या द्रावणांवर जुळवून घ्यावं लागतं. आमच्याकडे ती तीन असतात: ४, ७ आणि १०. आयुष्यभर मी याच तीन पायऱ्यांवर चढउतार केली. इजेनच्या पाण्याचा सामू अर्ध्याच्याही खाली. तिथे काचेचा इलेक्ट्रोड नीट बोलतच नाही, त्यामुळे आम्ल किती ते अनुमापनाने काढावं लागतं. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असते. लोणार आणि इजेन यांच्या पाण्यात हायड्रोजन आयनांचा फरक म्हणजे जवळजवळ हजार कोटी पट. हा आकडा मी कागदावर मांडला, शून्यं पुन्हा मोजली आणि मग काचेच्या सगळ्या बाटल्या पेटीतून काढून ठेवल्या. इतक्या तीव्र आम्लात फ्लुओराइड हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या रूपात असतं, आणि ते काच खातं. तिथे फक्त प्लॅस्टिकच्या बाटल्या चालणार होत्या.

पेटीच्या कोपऱ्यात हळदीचीही एक पुडी ठेवली.

बान्यूवांगी हे जावाच्या पूर्व टोकाचं गाव. समोर अरुंद समुद्र आणि पलीकडे बाली. नावाचा अर्थ सुगंधी पाणी. इजेनच्या तळ्यातून निघणाऱ्या नदीचं नाव बान्यूपाहित, म्हणजे कडू पाणी. पुढे तीच बान्यूपुतिह होते, पांढरं पाणी. बान्यू हा जावातला पाण्याचा शब्द. नकाशात ही तीन नावं एकाखाली एक वाचली तेव्हा वाटलं, या मुलखातल्या माणसांनी आमचं निम्मं काम आधीच करून ठेवलं आहे. त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला दोन-चारच दिवस झाले होते. घाटातल्या झोपड्यांवरही लाल-पांढरी निशाणं लावलेली होती.

आमच्याबरोबर तिथल्या विद्यापीठातली एक मुलगी दुभाषी म्हणून होती. ती मला ‘बू’ म्हणायची. तिकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात, जसं आपण बाई म्हणतो किंवा काकू. मोठ्या पुरुषाला ‘पाक’. तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला उगाचच ओळखीचे वाटत होते, आणि ते उगाच नव्हतं. भूमीला बूमी, मनुष्याला मानुसिया, वर्णाला वार्ना, काचेला काचा. पाल्तुदिंगच्या तळावर, जिथून चढण सुरू होते, तिथल्या पाटीवर लाल अक्षरांत एक शब्द होता: बाहाया. मी अर्थ विचारला. धोका, ती म्हणाली. आपलं भय इतक्या लांब येऊन तिथे पाटीवर लागलेलं होतं.

रात्री एकला निघालो. अमावास्या तोंडावर, त्यामुळे आकाश गच्च काळं. पाल्तुदिंग ते विवराची कड हे अंतर तीनच किलोमीटर, पण चढ सारखा पाचशे मीटरचा, पायाखाली भुसभुशीत राख. पुढेमागे पर्यटकांच्या विजेऱ्या. त्यांच्या मधून, विजेरी न लावता, रिकाम्या टोपल्या खांद्यावर घेतलेली माणसं आम्हाला मागे टाकत होती. त्यांच्या पायाचा आवाज येत नव्हता, फक्त बांबूची करकर. वेताच्या दोन टोपल्या आणि मध्ये आडवा बांबू. तिकडे त्याला पिकुलान म्हणतात. मला दुसरा शब्द शोधावा लागला नाही. ती कावड होती.

कडेवर पोचलो तेव्हा वास आला. आधी काडी ओढल्यासारखा, मग लक्ष्मीपूजनाच्या रात्री बोळात कोंडतो तसा धूर, आणि त्याच्या खालून सडक्या अंड्याची दुर्गंधी. सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही वायू माझ्या ओळखीचे, पण बाटलीतले. इथे डोंगर श्वास सोडत होता आणि आम्ही त्या श्वासात उतरत होतो. खाली दोनशे मीटरहून जास्त उतार, पायवाट म्हणजे दगडांची उतरंड. चेहऱ्याला मुखवटा बांधला. अंधारात खाली निळं काहीतरी हललं.

त्या निळ्या ज्योतींची छायाचित्रं आता जगभर पोचली आहेत, म्हणून वर्णन लांबवत नाही. दगडांच्या फटींतून गंधकाचे तापलेले वायू बाहेर पडतात, हवा लागताच पेटतात आणि दिवाणखान्यातल्या दिव्याच्या नव्हे, गॅसच्या शेगडीच्या रंगाने जळतात. कुठे वीतभर, कुठे माणसाहून उंच. उजाडलं की दिसेनाशा होतात, जळत असतातच. पर्यटक त्यांच्यासाठी अर्धी रात्र चालून येतात. मीही भान हरपून पाहत उभी होते. तेवढ्यात शेजारून एक माणूस पाण्याची बादली घेऊन धावत गेला आणि त्याने ती ज्योत विझवली.

पन्नाशीच्या पुढचा असावा, माझ्याच वयाचा. तोंडात ओला फडका धरलेला, मुखवटा नाही. आमच्या दुभाषी मुलीने विचारलं तेव्हा फडका काढून त्याने जे सांगितलं ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. जळलेलं गंधक वजनकाट्यावर येत नाही, तो म्हणाला.

तिथलं काम असं चालतं. वायू जिथून जोराने निघतात तिथे लांब नळ बसवलेले आहेत. वायू नळातून जाता जाता निवतो, त्यातल्या गंधकाची वाफ द्रव होते आणि नळाच्या तोंडातून ठिबकते. ठिबकताना रक्तासारखी लाल, जमिनीवर पडून थिजली की पिवळीजर्द. मग पहारीने तिचे चिरे फोडायचे आणि टोपल्यांत भरायचे. गंधक साधारण ११५ अंशांना वितळतं आणि १६० अंशांपुढे लाल, चिकट, काकवीसारखं होतं. नळ फार तापला तर वायू बाहेर येताक्षणी पेटतो. म्हणून नळांवर पाणी मारत राहायचं, ना कमी ना जास्त.

माझ्याजवळ तापमान मोजायची तार होती. मी ती पेटीतून काढीपर्यंत पाकने नळाच्या तोंडाशी विजेरी धरली, पाहिलं आणि म्हणाला, वार्ना. रंग बघ. त्याला आता पाणी हवं आहे. मग पलीकडच्या नळाकडे हात केला: त्याला नको. मी तार लावली. पहिल्या नळाचा आकडा दुसऱ्याहून चढा निघाला. मी पुढच्या दोन नळांना तार लावण्याआधी त्याला विचारलं. दोन्ही वेळा त्याचं बरोबर आलं. तिसऱ्या वेळी मी तार गुंडाळून ठेवली आणि त्याच्या बाजूला उभी राहून नुसता रंग पाहायला लागले. पाण्याच्या रंगावरून मीही पुष्कळ ओळखते, लोह किती, गाळ कसला. पण मला ते कोणीतरी वर्गात शिकवलं होतं आणि माझी चूक झाली तर दुसरा नमुना मागवता येत होता.

मग वारा फिरला.

हे इतकं लवकर होतं की सांगता येत नाही. समोर माणूस दिसत होता, तो गेला. हातातली विजेरी दिसेना. मुखवट्याच्या कडेतून धूर आत आला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, घशात काटेरी काहीतरी अडकल्यासारखं. माझे पाय आपोआप पळायला निघाले. कोपर कोणीतरी घट्ट धरलं. पाकने मला कातळाकडे वळवलं, तोंड दगडाशी, आणि तसंच धरून ठेवलं. खाली बसू दिलं नाही, कारण जड वायू खळग्यात साठतो. पळू दिलं नाही, कारण पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. किती वेळ गेला ते आठवत नाही, एखादं मिनिट असेल. त्याचा हात माझ्या कोपरावर स्थिर होता. धूर विरळ झाला तेव्हा तो खोकत होता आणि मुखवटा माझ्या तोंडावर होता.

उजाडलं तसं तळं दिसू लागलं. आधी राखाडी, मग हिरवट, आणि सूर्य कडेवर आला तेव्हा असं फिरोजी की हा रंग पाण्याला कोणी दिला असा प्रश्न पडावा. कोणी दिलेला नाही. पाण्यात विरघळलेलं लोह आहे आणि गंधकाचे डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत आहेत, त्यांवर उजेड विखुरतो. जवळपास एक किलोमीटर लांब, दोनशे मीटरच्या आसपास खोल, पाणी सुमारे ३ कोटी घनमीटर. इतकं तीव्र आम्लाचं इतकं मोठं तळं जगात दुसरं नाही. तळाकडून येणारे वायू पाण्यात विरघळतात. सल्फर डायऑक्साइडचं गंधकाम्ल होतं आणि थोडं गंधक सुटं पडतं, हायड्रोजन क्लोराइडचं मिठाम्ल. मग हे आम्ल खालचा-बाजूचा दगड खायला लागतं आणि त्यातलं ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम सगळं पाण्यात ओढून घेतं. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऐवज असतो. पाणी कोमट, काठावर वाफ. लोणारचे काठ मोरांच्या ओरडण्याने भरलेले असतात. इथे एक पाखरू नाही, शेवाळाचा ठिपका नाही. फक्त लाटांचा आवाज, आणि तो आपल्या तळ्यासारखाच.

काठीला बाटली बांधून आम्ही नमुने घेतले. हातमोज्यांवर थेंब पडला तर बाटलीतल्या साध्या पाण्याने धुवायचा, पुसायचा नाही. मी एकवीस बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर वेळ आणि जागा लिहिली. काम संपल्यावर पुडी काढली. गाळणकागदाची एक पट्टी हळदीत चोळली आणि काठीने तिच्यावर तळ्याचा एक थेंब सोडला.

काही झालं नाही. हळद पिवळीच राहिली. पाक मागे उभा होता. मी दुभाषी मुलीकरवी त्याला सांगितलं की माझ्या गावाजवळ एक तळं आहे, त्याचं पाणी टाकलं की ही लाल होते. त्याने पट्टी हातात घेतली, वास घेतला. कुन्यित, तो म्हणाला. हळदीचा त्यांचा शब्द. मग आपल्या टोपलीतला गंधकाचा एक खडा त्याने पट्टीशेजारी धरला. दोन पिवळे रंग. त्याला ते जुळवून पाहायचे होते. आणि ते जुळत नव्हते, हे आम्हा दोघांनाही दिसलं. हळदीचा रंग उबदार असतो.

परतीची चढण मी रिकाम्या हाताने चढले, म्हणजे पाठीवर बाटल्यांचे बारा किलो घेऊन, आणि तीन ठिकाणी बसले. पाकच्या कावडीत ऐंशी किलोंच्या आसपास होतं. दिवसातून दोन खेपा. किलोला तेव्हा हजार रुपियाच्या आसपास मिळत, म्हणजे आपले पाचेक रुपये. कडेवर पोचल्यावर पुढचा उतार काही जण आता हातगाडीने करतात, पण विवराच्या आतली चढण खांद्यावरच. जगातलं बहुतेक गंधक आज तेल आणि वायूच्या शुद्धीकरण कारखान्यांतून निघतं. आपल्या साखर कारखान्यांत उसाचा रस शुभ्र करायला गंधकाचा धूर वापरतात, नाशिककडच्या द्राक्षबागांत भुरीवर गंधक मारतात. ते असंच कारखान्यातून आलेलं असतं. ज्वालामुखीच्या पोटात उतरून माणसाने खांद्यावर आणलेलं गंधक आता फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. इजेन त्यांपैकी एक, आणि तिथलंही बरंचसं साखर पांढरी करायलाच जातं.

वाटेत डच काळातलं एक गोल बांधकाम आहे, तिथे वजन होतं. काट्यावरून कावड उतरवल्यावर पाकने सदरा खांद्यावरून सरकवला. खांद्यावर मुठीएवढा घट्टा होता. कातडी जाड, चकचकीत, एका कडेला सोललेली. दुसऱ्या एका माणसाने खिशातून मलमाची डबी काढली आणि न बोलता, बोलण्यासारखं काहीच नसल्यासारखं, त्याचा खांदा चोळायला लागला. मग जागा बदलली आणि पाकने त्याचा चोळला. मी नमुन्यांची वही उघडून बसले होते. काही लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी बान्यूवांगीत फोनला रेंज आली तेव्हा भावाने पाठवलेलं छायाचित्र उघडलं. दुसऱ्या दिवशी पोळा होता, मी विसरूनच गेले होते. अंगणात आमची जोडी उभी, वहिनीच्या हातात लोणी-हळदीची वाटी, आणि बैलांच्या खांद्यावर, जिथे वर्षभर जू बसतं तिथे, पिवळा लेप. खांदमळणी. आम्ही लहानपणी हे करताना बैलाची क्षमा मागायचो. मी ते छायाचित्र फार वेळ पाहत बसले. माणसाची आणि बैलाची तुलना मनात आली याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली ती या गोष्टीची की दगडी घाटांवर, गोदामांत, बाजार समितीत आमच्याकडेही हमालांचे खांदे असेच असतात, ते मी रोज पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी वर्षातून एक दिवसही कोणी हळदीची वाटी घेऊन उभं राहत नाही. ते एकमेकांचे खांदे चोळतात.

रात्री खोलीत अनुमापन केलं. आकडे अपेक्षेप्रमाणे आले, सामू अर्ध्याच्या खाली, फ्लुओराइड लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्यात दीड मिलिग्रॅम ही मर्यादा. कपडे धुवायला टाकले तर सुती सलवारीला मोहरीएवढी भोकं पडलेली होती, जिथे जिथे थेंब उडाले होते तिथे. कानातल्या चांदीच्या रिंगा काळ्या झाल्या होत्या. सगळं रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातलं. तरीही मी रिंगा लगेच घासल्या नाहीत.

पुढचे चार दिवस आम्ही कडू पाण्याच्या मागे मागे उतरलो. तळ्याच्या पश्चिमेला डचांनी पाणी अडवायला बांध घातलेला आहे, कारण १८१७च्या उद्रेकात तळ्याचं पाणी चिखल होऊन खाली आलं होतं. बांधाच्या खालून पाझरून बान्यूपाहित निघते. वाटेत तिला गोड्या पाण्याचे झरे मिळतात, कॉफीचे मळे लागतात. इजेनच्या जुन्या महाविवराचा पसारा वीसेक किलोमीटर आहे आणि त्याच्या पोटात माणसं शेती करतात. चाळीसेक किलोमीटर वाहून ती उत्तरेला आसेमबागुसच्या सपाटीवर पोचते. आसेम म्हणजे चिंच, आणि आंबटही. इतकं पाणी मिळूनही तिथे ती आम्लच असते, आणि तेच पाणी पाटांनी भाताला आणि उसाला जातं, जमिनीत मुरतं, विहिरींना लागतं.

एका विहिरीवर नमुना घेत होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दोर ओढायला पुढे आली. मी तिच्याकडे पाहून हसले, तीही हसली, आणि लगेच हाताने तोंड झाकलं.

तो हात मला ओळखीचा होता. यवतमाळच्या गावांत, तोंडाला लाल रंग फासलेल्या हातपंपांपाशी, मुली अशाच हसायच्या. दातांवर आडवे तपकिरी पट्टे, कुठे खडूसारखे पांढरे डाग. दात जबड्यात तयार होत असतानाच फ्लुओराइड त्यांत शिरतं. नंतर कितीही घासा, ते जात नाही. तिथला दगड वेगळा, इथला ज्वालामुखी, मध्ये समुद्र आणि हजारो किलोमीटर, पण हात तोंडाकडे जातो तो सारखाच. तळ्याकाठी फिरोजी रंगाचं मला जे अप्रूप वाटलं होतं, तो रंग इथे या पोरीच्या दातांवर तपकिरी होऊन उतरला होता. मी तिला विचारलं, पिण्याचं पाणी कुठून आणता? तिने या विहिरीकडे न दाखवता लांबच्या दुसऱ्या विहिरीकडे बोट केलं. आजी म्हणते ते पाणी आणायचं, इथलं भांडी-कपड्याला. दोन्ही विहिरींचे नमुने घेतले. आजीच्या विहिरीत फ्लुओराइड निम्म्याहून कमी निघालं. मर्यादेच्या आत नव्हतं, पण निम्म्याहून कमी.

आजीला कसं कळलं ते विचारायला मी दुसऱ्या दिवशी परत गेले. ती बाजाराला गेली होती आणि आमची गाडी दुपारी निघायची होती. त्या न झालेल्या भेटीची चुटपुट मला अजून आहे. नळाच्या रंगावरून पाकने आणि चवीवरून, चहाच्या रंगावरून, कशावरून कोण जाणे, त्या आजीने जे ओळखलं होतं ते माझ्या वहीत कुठे लिहायचं, याला रकाना नव्हता. नमुना क्रमांक, ठिकाण, वेळ, तापमान, सामू, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही ‘गढूळ’ किंवा ‘वास येतो’ एवढंच लिहितो.

दिवाळीनंतर लोणारच्या नेहमीच्या नमुन्यांना गेले तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांना बरोबर घेतलं. त्यांच्या आज्याने तळ्याचा खार काढण्याचं काम केलं होतं, हे मला वीस वर्षं माहीत होतं आणि वीस वर्षांत मी त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. या खाराची नावं मी गॅझेटियरमध्ये वाचली होती: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. पाणी ओसरलेल्या काठावर बाबा काठी टेकत वाकले, पांढरी कड चिमटीत धरून चुरली आणि म्हणाले, ही भुसकी. चार पावलं पुढे पायाखाली काहीतरी करकरलं. हे पापडी, आता फार कमी धरते. मी ज्या कडेला आजवर एकच नमुना क्रमांक देत आले होते तिथे दोन जागा होत्या. दोन बाटल्या भरल्या. वहीत पट्टीने एक रेघ ओढून नवा रकाना पाडला, वर लिहिलं, ‘कोणी दाखवलं’, आणि खाली बाबांचं नाव.

बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, तिकडच्या तळ्यात हळद कशी होते वं? मी वहीच्या मागच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. इजेनची पट्टी तीत जपून ठेवली होती, बरेच दिवस उघडून पाहिली नव्हती. कडेची हळद तशीच पिवळी होती. मध्ये जिथे थेंब टाकला होता तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, हात लावला की झडणाऱ्या.

बाबांनी पिशवी उन्हासमोर धरली. त्या भोकातून त्यांना समोरचं तळं दिसत असणार.

“हळदीले काई केलं नाई त्यानं,” ते म्हणाले. “कागदच खाल्ला वं माय.”